अफवा खोटी, पण भीती?

मागच्या वेळी आपण १८५६ पर्यंत आलो होतो. आता १८५७ चा जानेवारी. कलकत्त्याजवळ डमडमला नव्या एन्फिल्ड बंदुकीचं शिक्षण चाललं होतं. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका मजुराने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला. शिपाई नाही म्हणाला. तेव्हा मजुराने सुनावलं म्हणे, की गाई-डुकराची चरबी दातांनी तोडावी लागेल, मग कुठे राहील ही जात?

अफवा म्हटली की आपण ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळे होतो. पण काडतुसाच्या वंगणात जनावराची चरबी होती, आणि ती कोणत्या जनावराची याची खातरजमा सरकारने केलेली नव्हती. म्हणजे शंका रास्तच होती. महिना संपायच्या आत सरकारने शिपायांना आपापलं वंगण लावायची मुभा दिली. झालं! काही नव्हतंच, तर मुभा कशाला? फेब्रुवारीत बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसं नाकारली, ती तर जुन्याच पद्धतीची होती. आता संशय कागदावर गेला, पुढे पिठावर गेला. पिठात हाडांचा चुरा आहे, असं बाजारात बोलू लागले.

आपले वरसईचे गोडसे भटजी त्याच साली उत्तरेत निघाले होते. इंग्रजांनी धर्म बुडवणारी कलमं काढली, ही शिपायांकडून ऐकलेली हकिगत त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवली आहे. अशी यादी कुणी काढली नव्हती. पण विधवाविवाहाचा कायदा खरा होता, अवध खालसा झालेलं खरं होतं, नव्या शिपायाला समुद्रापार धाडायची अट खरी होती. तीनही गोष्टी १८५६ च्याच! अफवेने त्या एका दोरात ओवल्या, एवढंच. तर्कशास्त्राचा विद्यार्थी याला सरसकट चूक म्हणणार नाही.

मेरठला ८५ स्वारांनी काडतुसं नाकारली. ९ मे रोजी, सगळ्या पलटणींसमोर, त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी बाजारात ओरड झाली, की गोरे शिपाई हत्यारं काढून घ्यायला येताहेत. गोरे खरं तर प्रार्थनेसाठी जमत होते. पण कालच्या बेड्या डोळ्यांसमोर असताना, चर्चला चालले असतील, असं कोण म्हणणार?

आणि भीती काही एकाच बाजूला नव्हती बरं का. १४ जूनला, पुन्हा रविवारीच, बराकपूरचे शिपाई चालून येताहेत या वार्तेने कलकत्त्यातले कितीतरी गोरे किल्ल्यात आणि जहाजांवर पळाले. त्याच दिवशी बराकपूरला ते शिपाई मुकाट्याने हत्यारं खाली ठेवत होते.