डेंग्यूतील बिंबाणुन्यूनता

डेंग्यूच्या संसर्गात रक्तातील बिंबाणूंची, म्हणजेच प्लेटलेटची, संख्या झपाट्याने घटते. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे १.५ ते ४.५ लाख बिंबाणू असतात. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या या पेशी ७ ते १० दिवस टिकतात आणि जखमी रक्तवाहिनीला चिकटून रक्तस्राव थोपवतात. डेंग्यूचा विषाणू अस्थिमज्जेतील निर्मिती मंदावतो. शिवाय शरीराची प्रतिकारयंत्रणा तयार बिंबाणूंचाही नाश करते.

दिल्लीत १९९६ साली आलेल्या साथीत १०,२५२ रुग्णांची नोंद झाली आणि ४२३ जण दगावले. विषाणूचा क्रमांक दोनचा प्रकार (डेन-२) त्या वेळी प्रबळ होता. तेव्हापासून दिल्ली व परिसरात पावसाळा सरताना डेंग्यू वाढू लागला, की नातेवाईक बिंबाणुदात्यांच्या शोधात रक्तपेढ्यांकडे धावतात. बिंबाणू वाढतील या समजुतीने बकरीच्या दुधाला आणि पपईच्या पानांनाही मागणी येते. ही धावपळ बहुतेकदा अनाठायी असते. खरा धोका केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरण्याचा असतो. त्यामुळे रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण ताप उतरत असतानाच अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून बिंबाणूंच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), नाडी व लघवीच्या प्रमाणाकडे द्यावे लागते. मोजून दिलेले द्रव हाच मुख्य उपचार. बिंबाणू साधारणपणे संख्या १०,००० च्या खाली गेल्यास किंवा मोठा रक्तस्राव होत असल्यासच चढवतात. तापासाठी पॅरासिटामॉल देतात. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकत असल्याने वर्ज्य आहेत.