अँग्लिकन चर्चमधील धर्मोपदेशकांच्या पदव्यांचे बदलते अर्थ : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
'पाद्री' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ 'पिता' असा असला, तरी व्यवहारात तो कोणत्याही ख्रिस्ती धर्मोपदेशकासाठी सरसकट वापरला गेला. परिणामी सरकारी वेतनावरील चॅप्लेन, मिशनरी आणि देशी मंडळीचा पाळक यांतील महत्त्वाचा भेद मराठी साधनांत पुसट होतो. हे पदाधिकारी कोणाला उत्तरदायी होते, या दृष्टीने त्यांच्या पदव्यांचा येथे मागोवा घेतला आहे.

राजसत्ता आणि पदवी :
१८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानासाठी एक बिशप व तीन आर्चडीकन ही पदे निर्माण झाली. त्यांच्या वेतनाचा भार कंपनीच्या महसुलावर होता. १८३७ मध्ये मुंबई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि तेथील आर्चडीकन थॉमस कार पहिले बिशप झाले. १९०३ मध्ये आयर चॅटर्टन नागपूरचे पहिले बिशप झाले. या काळात छावणीतील चॅप्लेन हा धर्मोपदेशक असला तरी सरकारी नोकरही होता. मिशनरी मात्र आपल्या सोसायटीशी बांधलेला असे.

देशी धर्मोपदेशक :
नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'शास्त्री' ही विद्येची पदवी धारण करणारे हे पंडित पुढे 'फादर गोऱ्हे' म्हणून ओळखले गेले. अँग्लिकन पंथात 'फादर' हे संबोधन ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावाने रूढ झाले होते. त्यातून एक विशिष्ट विचारप्रवाह सूचित होई. 'रेव्हरंड' या उपाधीवरून मात्र पंथ ठरविता येत नाही. ना. वा. टिळक हे रेव्हरंड होते, पण त्यांचे मिशन अँग्लिकन नव्हते.

स्वायत्तता व ऐक्य :
१९२७ च्या इंडियन चर्च अ‍ॅक्टनुसार १९३० मध्ये येथील चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या विभक्त झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-संस्थांच्या ऐक्यातून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. त्यात बिशपपद टिकले, परंतु ते ऐतिहासिक तसेच घटनात्मक मानले गेले. कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटनऐवजी सिनॉडचे मॉडरेटर प्रमुख झाले. 'प्रीस्ट'च्या जागी 'प्रेस्बिटर' आला. वस्तुतः 'प्रीस्ट' हा शब्दही ग्रीक 'प्रेस्बिटर'पासूनच, म्हणजे 'वडील' या अर्थाच्या शब्दापासून, बनला आहे. मराठी नव्या करारातील 'अध्यक्ष', 'वडील' व 'सेवक' या शब्दांत पदांचा हाच कार्यवाचक अर्थ दिसतो.

निष्कर्ष :
'बिशप' ही संज्ञा १८३७ मध्ये होती आणि १९७० नंतरही राहिली, परंतु तिचा आधार राजसत्तेकडून चर्चच्या स्वतःच्या घटनेकडे सरकला. म्हणून साधनांत 'पाद्री' वा 'रेव्हरंड' आढळताच त्या व्यक्तीला राज्यकर्त्यांचा प्रतिनिधी समजणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरते. असे केल्यास गोऱ्हे यांच्यासारख्या देशी विचारवंतांची स्वतंत्र भूमिकाच नजरेआड होते. पदवीचा अर्थ लावण्यापूर्वी तिचा काळ, पंथ आणि वेतनाचा स्रोत तपासणे अगत्याचे आहे.