पाऊली

पाऊली : टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले टाकत करायचा वारकरी संप्रदायातला समूहनाच. दिंडी, हरिपाठ, कीर्तन आणि अखंड हरिनाम सप्ताहात ती खेळली जाते. परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठी वसलेले गंगाखेड हे याच संप्रदायातल्या संत जनाबाईंचे जन्मगाव. त्यांचे मंदिरही येथे असल्याने टाळाचा नाद या गावाला नवा नाही.

स्वरूप : टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, मध्ये वीणेकरी आणि मृदंगी. सुरुवात संथ असते. पाऊल पुढे टाकायचे, ठेक्यावर मागे घ्यायचे, कमरेतून किंचित झुकायचे. अभंगाचे ध्रुपद उचलले गेले की लय चढते. मग गिरक्या, उड्या, कधी फुगडी. पाऊल चुकले तर शेजारच्याकडे बघून सावरायचे, एवढेच शिक्षण बहुतेकांना पुरते. पद्धतशीर शिकणारे आळंदीची वाट धरतात. जोग महाराजांनी 1917 साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली.

सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. रात्रंदिवस पहारे लागतात आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. अशा वेळी पांढऱ्या मिश्यांचा म्हातारा नातवाच्या वयाच्या पोरापुढे वाकतो, आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही.

सामाजिक स्थान : लावणीला फड लागतो, गोंधळाला गोंधळी बोलवावे लागतात. पाऊली गावकरीच खेळतात. बघायला आलेल्याच्या हातीही टाळ पडतो. दिवसभर रानात राबलेला माणूस रात्री हरिपाठाला उभा राहतो तो हौसेने. दिंडीत याच पावलांनी मैलोगणती वाट सरते. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी सुमारे 700 वारकऱ्यांसह गंगाखेडवरून जाते, तेव्हा रस्ताच रिंगणाची जागा होतो.

स्त्रिया आणि पाऊली : जनाबाईंच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात डोक्यावरचा पदर ढळला तरी टाळ-वीणा घेऊन भर बाजारातून जाण्याचा निर्धार आहे. घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंसारख्या दासीने चारचौघांत नाचायचे, हे त्या काळी धाडसच होते. नागपंचमीचा फेर आणि फुगडी बायकांनी आपसांत खेळायची, भजनात टाळ मात्र पुरुषांच्या हाती, अशी वाटणी पुढेही पुष्कळ काळ राहिली. आता महिला भजनी मंडळे नऊवारी नेसून, टाळ घेऊन पाऊली खेळतात.

सद्यःस्थिती : लग्नाच्या वरातीत डीजे आला आहे, शाळांच्या स्नेहसंमेलनात मात्र पाऊली टिकून आहे. तेथे तिला मंच मिळतो आणि पहिल्यांदाच समोर प्रेक्षकही बसतात. त्यामुळे टाळकऱ्यांच्या समोरासमोरच्या रांगा प्रेक्षकांकडे तोंड करून वळवाव्या लागतात.