पॉइंट बघण्याची कुळकथा

महाबळेश्वरला जाऊन माणूस करतो काय? दरीच्या कठड्याला टेकून उभा राहतो, ‘काय खोल आहे!’ म्हणतो, फोटो काढतो, मागच्याला जागा करून देतो आणि पुढच्या पॉइंटाकडे निघतो. संध्याकाळी वेण्णा तलावाकाठी मक्याचं कणीस खातो. ना नवस फेडायचा, ना सोयरिकीची बोलणी, ना कोर्टाची तारीख. परक्या जागी अख्खा दिवस नुसतं पाहत हिंडायचं, ही चाल आपल्याकडे फार जुनी नाही. सातारा जिल्ह्यात तिचा माग 1824पर्यंत लागतो, आणि तो आजाऱ्याच्या खाटेपाशी जाऊन थांबतो.

त्याआधी लोक डोंगर चढत नव्हते असं नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी गोमुखातून पडतं. ते पाणी तोंडावर घ्यायला माणसं किती पिढ्या येत आहेत, कोण सांगणार! 1665 साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती इथेच. सांगलीच्या घाटावर जी कृष्णा आपण रोज पाहतो, तिच्या माहेरी जाणं म्हणजे यात्रा. पण यात्रेकरूचं तोंड उगमाकडे असायचं. पाठीमागची दरी म्हणजे जावळीचं रान, वाघ आणि पायवाटांची दगदग. तिचं कौतुक करायला कोण थांबतो?

तोंड फिरवलं ते पीटर लॉडविक या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने. साताऱ्याला नेमणुकीवर असताना 1824 साली तो रान तुडवत वर चढला आणि कोकणाकडच्या एका सोंडेच्या टोकावर जाऊन उभा राहिला. त्याच टोकावर पुढे त्याच्या नावाचा स्तंभ उभा राहिला. वरची हवा थंड आहे ही बातमी खाली पोचली. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्यापासून वरपर्यंत रस्ता करवून घेतला. 1828 साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या शिपायांसाठी इथे आरोग्यधाम काढलं. पुढच्या वर्षी तह झाला. खंडाळा गावाच्या बदल्यात डोंगर कंपनीकडे गेला आणि वसाहतीचं नाव पडलं मालकमपेठ. ज्या राजाने रस्ता बांधून दिला, त्यालाच दहा वर्षांनी, 1839 साली, कंपनीने गादीवरून उतरवून बनारसला धाडलं. वेण्णेचा तलाव 1842चा, तो त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या कारकिर्दीतला.

आता पॉइंट. तापाने आणि पोटाच्या दुखण्याने खंगलेल्या माणसाला तेव्हाचा डॉक्टर दुसरं काय देणार? हवापालट करा, सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेत फिरा. महाबळेश्वरचं पठार हाताच्या पंजासारखं आहे, बोटं कोकणाकडे पसरलेली. कुठल्याही बोटावरून घोडा हाकला तरी तास-दोन तासांत कडा येतो आणि परत फिरावं लागतं. माझा तर्क असा की, रोग्याच्या रोजच्या फेरीचं हे परतायचं ठिकाण, तोच पॉइंट. देखावा नंतर आला. आधी आली रपेट.

परतायच्या ठिकाणांना नावं हवीत, ती साहेबांनी घरच्या वहीतून दिली. एलफिन्स्टन, फॉकलंड, कारनॅक हे गव्हर्नर. केट ही माल्कम यांची मुलगी. तिच्या नावाआधी त्या जागेला नाके खिंड म्हणत. आर्थर सीटचा मढीमाळ असाच मागे पडला. तिथे आर्थर मॅलेटने घर बांधलं होतं. बाणकोटच्या खाडीत नाव बुडून त्याची बायको आणि तान्हं मूल गेलं, म्हणून तो सावित्रीकडे बघत बसायचा, ही गोष्ट गाईड अजून सांगतात. सिंदोळा टेकडीला विल्सनचं नाव चिकटलं ते तर अगदी उशिरा. लेस्ली विल्सन गव्हर्नर झाले 1923 साली. एकंदरीत पॉइंटांची यादी म्हणजे साहेबांच्या जेवणाच्या टेबलावरची आसनव्यवस्था वाटते. खाली जेवण पिकवणारे मात्र त्या यादीत नाहीत. 1834 ते 1864 इथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि साहेबांच्या ताटातले बटाटे, भाजीपाला त्या कैद्यांच्या हातचा होता. त्यांच्या नावाचा कडा कुठे नाही.

देशी माणूस या चालीत शिरला तो आधी पैशाच्या जोरावर. मुंबईच्या पारशी आणि गुजराती धनिकांचे बंगले उठले. त्यातल्या मोरारजी कॅसलमध्ये 1945 साली गांधीजी राहिले. त्याच्या आदल्या वर्षी कैदेतून सुटल्यावर ते पाचगणीला होते, तेही प्रकृतीसाठीच. रेल्वे वाठारपर्यंत आली, तिथून टांग्याने वाई, मग घाट. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी 1916 साली महाबळेश्वरवर इंग्रजीत पुस्तक काढलं, पुढच्या वर्षी पाचगणीवर आणि सांगली संस्थानावरही. पेशवाईच्या दप्तरांत बुडालेला माणूस हवा खायच्या गावावर लिहितो, यावरूनच ही चाल किती मुरली होती ते कळावं. सांगली-मिरजेकडे हवापालटाने डॉक्टरी बाणा सोडला नाही. तिथलं वानलेसवाडीचं आरोग्यधाम क्षयरोग्यांसाठी होतं.

मध्यमवर्ग आला एस. टी.ने आणि शाळेच्या सहलीने. त्याने साहेबाची यादी तशीच उचलली, पण तिला दोन्ही टोकांना आपली गाठ मारली. आधी क्षेत्राचं दर्शन, शेवटी प्रतापगड. 1957 साली गडावर पंडित नेहरूंच्या हस्ते महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं, आणि गडाशिवाय सहल पुरी होईना. देव, दरी, गड असा हा दिवस लॉडविकला ओळखता आला नसता. मला मात्र हाच बेत जास्त आवडतो. नुसत्या दऱ्या तिसऱ्या पॉइंटानंतर सारख्याच दिसू लागतात.

एक गोष्ट मात्र पार उलटी झाली. साहेबाचा मोसम जूनच्या मध्यावर संपायचा. पाऊस सुरू झाला की उन्हाळ्यापुरतं वर आलेलं सरकार खाली उतरे, कारण वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं ते ओलं गाव कुठल्याही डॉक्टरने रोग्याला सुचवलं नसतं. आज जुलैच्या शनिवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. पॉइंटावर धुक्यापलीकडे काही दिसत नाही, तरी माणसं कठड्यापर्यंत जातात, भिजतात आणि भजी खायला परत फिरतात.