मॉरिशसच्या मळ्यांतील मराठी मजूर



गेली पंचवीस वर्षे मी कामगारांचे अभ्यासवर्ग घेत आलो आहे. सातपूरला किंवा अंबडला पाळी सुटली, युनियनच्या कचेरीत दहावीस माणसे जमली, की इतिहासाचा पहिला धडा ठरलेला असे. साल १८८४, नारायण मेघाजी लोखंडे, परळची सभा आणि साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज. आपली चळवळ तेथे जन्मली असे मी ठासून सांगत असे. एकदा एका पोरसवदा फिटरने विचारले, "त्याच्या आधी मजूर काय तोंड मिटून होते?" प्रश्न उद्धट वाटला, पण तो डोक्यातून जाईना. मी वाचू लागलो, आणि माझा धडा तेरा वर्षे उशिरा सुरू होत होता हे मला मान्य करावे लागले. त्या तेरा वर्षांचा शोध मला मुंबईत लागला नाही. तो समुद्रापलीकडे एका लहान बेटावर लागला.

मॉरिशस हे बेट आपल्या नाशिक जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाएवढेही नाही. फ्रेंचांनी तेथे गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले आणि १८३५ मध्ये तेथली गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे वीस लाख पौंड. गुलामाला पैही मिळाली नाही. उलट आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे उमेदवारी करण्याची सक्ती झाली. ऊस मात्र कोणासाठी थांबत नाही. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढे फसवणुकीचा बोभाटा झाला, काही काळ निर्गमन बंद पडले, आणि १८४२ नंतर सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि थोडी मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत मोठा भरणा होता रत्नागिरीकडच्या कोकणी माणसांचा.

कोकणच का, हे कोकणच्या माणसाला सांगावे लागत नाही. वरकस जमीन, खोताचा वाटा, आणि पावसाळा सरला की रिकामे हात. तशात गावात परतलेला कोणी सरदार यायचा. सरदार म्हणजे मळ्यावरचा मुकादम. त्यालाच मालक नवी माणसे आणायला पाठवीत. तो आपल्याच बोलीत बोलायचा, हातावर आगाऊ रक्कम ठेवायचा. परका दलाल आला असता तर माणसे बिचकली असती. ओळखीच्या माणसावर विश्वास बसतो. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या आजही अशाच उचल देऊन बांधल्या जातात, म्हणून मला ही पद्धत पुस्तकातून शिकावी लागली नाही.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल यांचा शिधा. कागदावर यात वावगे काही दिसत नाही. खरी मेख गैरहजेरीच्या कलमात होती. विनापरवाना एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला तिकडे 'डबल कट' म्हणत. महिन्यात दहा दिवस गैरहजर लागले की वीस दिवसांची मजुरी गेली, आणि हजेरीचे पुस्तक मालकाच्याच हाती! शिवाय काम सोडून गेल्यास तो दिवाणी दावा नव्हे, फौजदारी गुन्हा. मजूर न्यायालयातून थेट तुरुंगात. सही वा अंगठा त्याने राजीखुशीने केला होता, हे मालकांचे बोलणे खरेच होते. पण मोडला तर तुरुंग, असा करार ज्याच्या गळ्यात पडतो त्याची राजीखुशी जहाज सुटेपर्यंतच. आणि हे केवळ बेटावरचे पाप म्हणून हात झटकू नयेत. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा इंग्रजांनी १८५९ मध्ये हिंदुस्थानातही केला होता. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले.

पाच वर्षे पुरी केलेला माणूस तरी मोकळा व्हावा! त्याला 'जुना प्रवासी' म्हणत. १८६७ साली बेटावर तापाची भयंकर साथ आली, हजारो माणसे दगावली, आणि त्याच साली सरकारने एक नवा कायदा केला. प्रत्येक जुन्या प्रवाशाने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगला पाहिजे. परवाना घरी राहिला, हरवला, पावसात भिजला, की पोलीस भटक्या म्हणून धरीत. भाजी विकणारा, गाय पाळणारा, स्वतःच्या तुकड्यावर कसणारा, कोणीही सुटत नसे. हेतू उघड होता. स्वतंत्र राहणे इतके त्रासाचे करायचे, की माणसाने कंटाळून पुन्हा मळ्याचा करार करावा.

आता मी माझ्या तेरा वर्षांपाशी येतो. १८७१ मध्ये या जुन्या प्रवाशांनी गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला. त्यावर ९४०१ जणांची संमती होती. अर्ज लिहायला मदत केली अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हित्झ या जर्मन वंशाच्या गृहस्थाने. तो स्वतः एका मळ्याचा कारभार पाहत असे. मळेवाल्यांनी त्याला भर शहरात मारहाण केली, त्याला बेटाबाहेर घालवा म्हणून उलट अर्ज केले. आमच्या चळवळीत पांढरपेशा मदतनीसाला थोर म्हणण्याची चाल आहे. प्लेव्हित्झ थोर होताच. पण पोलीस दारात उभा असताना ९४०१ माणसांनी आपले नाव कागदावर येऊ दिले, ही गोष्ट मला अधिक मोठी वाटते. नाव द्यायला कामगार का कचरतो, हे ज्याने सभासदांची पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडून पाहिले आहे त्याला विचारा. अर्जामुळे १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग बेटावर गेला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८७८ मध्ये मजूर कायदा सुधारला. सुधारणा तोकडी होती, पण परवान्याचा जाच चव्हाट्यावर आला.

दरम्यान मुंबईहून जाणारा ओघ १८६० नंतर आटत गेला. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. ज्या रत्नागिरीकराचा भाऊ बेटावर गेला, त्याचा पुतण्या आता लालबाग-परळला आला. तेथे भरती करणारा होता जॉबर. सरदाराचाच चुलतभाऊ म्हणा. म्हणून लोखंड्यांच्या सभेला जमलेले कामगार आणि मॉरिशसचे अर्जदार ही मला दोन वेगळी माणसे वाटत नाहीत.

करारबद्ध मजुरीची ही पद्धत बंद करा, असा ठराव १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ज्यांनी मांडला, ते गोपाळ कृष्ण गोखलेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचे. ठराव पडला. पण पुढच्या काही वर्षांत सरकारला ती पद्धत गुंडाळावीच लागली. बेटावरचा लढा मात्र चालू राहिला. १९३७ मध्ये उसाच्या भावावरून आणि मजुरीवरून दंगे झाले, गोळीबार झाला. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे पोलिसांच्या गोळ्यांनी चारजण पडले, त्यांत अंजले कूपेन ही गरोदर मजूर बाई होती. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

तेथल्या मराठी कुटुंबांत बोलणे क्रिओलमध्ये चालते. पहिल्या आलेल्या माणसाचे नाव कारकुनाने फ्रेंच वळणाने जसे लिहिले, तेच पुष्कळांचे आडनाव होऊन बसले. वाक्वा, कास्कावेल या भागांत गणपती बसतो आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. जहाजातून उतरलेली माणसे ज्या पायऱ्या चढून गेली, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

आणि त्या नोंदवह्या? नाव, बापाचे नाव, गाव, जात, अंगावरची खूण असे सारे टिपलेले ते जाड खंड आणि मजुरांची छायाचित्रे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. पोलिसांना दाखविण्यासाठी काढलेल्या त्या तसबिरींतून पणतू आपल्या पणज्याचा चेहरा शोधतात, आणि नोंदीतल्या फ्रेंच वळणाच्या अक्षरांतून रत्नागिरीकडचे गाव ओळखण्याचा प्रयत्न करतात.