परसातली जास्वंद आणि होशंगाबादची परीक्षा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गल्लीतली पोरे मातीचे किल्ले करायला बसतात. दगडविटा रचून, वर पोते अंथरून, चिखलाचा लेप देऊन गड उभा राहिला की त्यावर मोहरी आणि अळीव पेरण्याचे काम येते. या पेरणीचे शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नसते. अळीव लवकर उगवतात, दाणे दाट पडले तर कोंब कुजतात, तटाच्या सावलीतले रोप उंच पण पिवळट होते आणि उजेडाकडे मान वळवते, हे सारे ती बघून बघून शिकलेली असतात. आणि हीच पोरे सहामाहीच्या पेपरात ‘बीज रुजण्यास काय काय लागते?’ या प्रश्नापुढे पेन चावत बसतात. कारण ते उत्तर पुस्तकाच्या कोणत्या पानावर होते, ते त्यांना आठवत नाही!

मास्तरकी करताना या गोष्टीचे मला पुष्कळ वर्षे नुसते हसू येत असे. एका प्रसंगाने ते हसू मावळले.

सातवीच्या पेपरात प्रश्न होता, ‘जास्वंदीच्या फुलाला पाकळ्या किती?’ पुस्तकातले उत्तर पाच. वर्गात जास्वंदीचा रंगीत तक्ता टांगलेला होता, त्यातही पाच. एका मुलाने मात्र लिहिले होते, “आमच्या परसातल्या जास्वंदीला पाकळ्या पुष्कळ आहेत. मी पंचवीसपर्यंत मोजल्या. मग आतल्या बारीक पाकळ्या म्हणायच्या की केसर, ते कळेना.” मी लाल शाईने शून्य काढले आणि पुढचा पेपर ओढला.

पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा एक फूल घेऊन आला. रडला नाही, भांडला नाही. फूल माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसला. ती दुहेरी जास्वंद होती, गेंदासारखी भरलेली. मधल्या सुट्टीत मी ती उकलून पाहिली. साध्या जास्वंदीत पाच पाकळ्या असतात आणि मधल्या नळीवर पुंकेसरांचा झुबका असतो. दुहेरी जास्वंदीत त्यांतल्याच कित्येक पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. काही तर अर्धवटच पालटलेल्या सापडतात. अंगाने पाकळी, आणि कडेला परागाची गाठ तशीच चिकटलेली! ‘पाकळी म्हणायची की केसर’ हा माझ्या विद्यार्थ्याचा घोटाळा नव्हता. तो त्या फुलाचा खरा स्वभाव होता. वनस्पतिशास्त्रज्ञ जिथे थांबून विचार करील, नेमका तिथेच तो पोरगा थांबला होता. आणि मी त्याच्यावर शून्य मारून मोकळा झालो होतो.

गुण तेव्हा चढून गेले होते. ते तसेच राहिले. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानेवर बसला. मुलांना फुलापाशी नेणे अवघड नाही. एखादा हौशी मास्तर ते सहज करतो. पण ज्याच्या त्याच्या परसातले फूल परीक्षेत चालेल, अशी परीक्षा कधी कोणी घेतली आहे काय? या प्रश्नाचा माग काढीत मी जुनी पुस्तके आणि अहवाल चाळू लागलो, आणि वाचता वाचता नर्मदेच्या काठी जाऊन पोचलो.

प्रयत्न आपल्याकडे पुष्कळ झाले. इंग्रजी अमदानीतल्या शाळांत ‘वस्तुपाठ’ नावाचा प्रकार होता. वस्तू मुलांच्या हाती द्यावी आणि तिच्यावरून पाठ घ्यावा, अशी ती कल्पना. पुढे कित्येक ठिकाणी वस्तू गेली आणि पाठ तेवढा राहिला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. सूतकताई आणि शेती यांबरोबर त्यात सामान्य विज्ञानही होते, आणि त्या विज्ञानात निसर्गनिरीक्षणाला जागा होती. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुलांसाठी बिया, शिंपले, पाने, खडे हीच तिथली शिक्षणाची साधने झाली. गुरांमागे जाणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. हे काम केवढे मोठे होते, ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. परंतु बालवाडीला परीक्षेचा काच नसतो. वरच्या इयत्तांत निसर्गनिरीक्षण असे आणि वार्षिक परीक्षाही असे. दोघींची गाठ मात्र पडत नसे. आणि जे परीक्षेत विचारले जात नाही, ते हळूहळू शिकवलेही जात नाही, हा आम्हा मास्तर मंडळींचा जुना धर्म!

ही गाठ घालण्याचे धाडस झाले ते मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम आहे. मुंबईहून किंवा नागपुराहून उत्तरेकडे गेलेल्या प्रत्येकाने इटारसी जंक्शनचा चहा घेतलेला असतो. तोच हा मुलूख. होशंगाबादेजवळ रसुलिया येथे क्वेकर पंथीयांचे फ्रेंड्स रूरल सेंटर होते. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आपले संशोधन सोडून आलेले अनिल सद्गोपाल यांनी त्याच जिल्ह्यात, बनखेडीच्या बाजूला, ‘किशोर भारती’ ही संस्था काढली होती. या दोन संस्थांनी सरकारची परवानगी मिळवून १९७२ साली १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान शिकवण्याची नवी रीत सुरू केली. टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन खेड्यांतल्या मास्तरांबरोबर बसू लागले.

रीत साधी होती. पुस्तकात उत्तरे द्यायची नाहीत. काय करून पाहायचे ते सांगायचे आणि मग प्रश्न विचारायचे. पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. मुलांनी चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करावा, दिसले ते वहीत लिहावे, मग साऱ्या वर्गाने त्यावर बोलावे. प्रयोगशाळेला पैसा नव्हता, तेव्हा फूल उकलायला सुईऐवजी बाभळीचा काटा आला. आणि जीवशास्त्राची खरी प्रयोगशाळा तर शाळेच्या कुंपणाबाहेरच पसरली होती. मुले शेतात, नाल्यावर, माळावर हिंडत. पाने गोळा करून, कडा आणि शिरा पाहून त्यांचे गट पाडत. गट कसे पाडायचे, हेही आधी मुलांनीच ठरवायचे. दोन टोळ्यांचे गट जुळले नाहीत की वाद होई, आणि वर्गीकरण कशाला म्हणतात ते त्या वादातून कळे.

यातला माझ्या आवडीचा पाठ माशीचा. माश्या घाणीतून आपोआप उपजतात, ही समजूत खेड्यात काय आणि शहरात काय, सारखीच मुरलेली. मुलांनी माश्यांना अंडी घालू द्यायची, मग ती झाकून ठेवायची आणि रोज पाहायचे. एका दिवसात अंड्यातून अळी निघते, काही दिवसांनी अळीचा तपकिरी कोश होतो, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत आठदहा दिवसांत त्यातून माशी बाहेर पडते. जे माश्या बसण्याआधीच फडक्याने झाकले, त्यात काहीच उपजत नाही. १६६८ साली इटलीत फ्रान्सेस्को रेदी याने मांसाची भांडी झाकून-उघडी ठेवून हेच दाखवले होते आणि हजारो वर्षांची समजूत मोडली होती. एका खेडवळ पोराच्या हातून तीच समजूत पुन्हा मोडावी, आणि तीही गावच्या माशीच्या साक्षीने, ही काही लहान गोष्ट नव्हे. पुस्तकात ‘माश्या अंड्यांतून होतात’ असे एक वाक्य छापून हे साधले नसते. ते वाक्य मूल पाठ करते, आणि घरी जाऊन आजीच्या समजुतीला मान हलवते.

पण या साऱ्याहून मोठे काम म्हणजे परीक्षा. १९७२ साली सहावीत बसलेली मुले आठवीला पोचली, आणि प्रश्न उभा राहिला की पेपर काढायचा कसा? सरकारची मान्यता घेऊन परीक्षाच बदलली गेली. मुलांनी पुस्तक आणि आपली वही उघडून बसावे! नक्कल करायला त्यात काही नव्हतेच, कारण विचारले जाई ते नव्या गोष्टीवर विचार करून सांगायचे. लेखी परीक्षेच्या जोडीला हातांची परीक्षाही असे: हे पाहा, मोजा, उकला आणि काय दिसले ते लिहा. म्हणजे समोरच्या फुलाला जितक्या पाकळ्या, तितके उत्तर बरोबर. त्या परीक्षेत माझ्या विद्यार्थ्याला शून्य मिळाले नसते. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

मास्तरांनाही यात पाटी पुसावी लागली. मूल शेतातून कोणता किडा उचलून आणील आणि काय विचारील, याचा नेम नाही. ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ असे वर्गापुढे म्हणायला छातीच लागते. त्यासाठी सुट्टीत शिबिरे भरत. मुलांचे सारे प्रयोग मास्तर आधी स्वतः करीत, आणि पुढे दर महिन्याला एकत्र जमून अडचणी सांगत. मुलांना अडलेले प्रश्न पत्राने विचारता यावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचा एक कल्पित गृहस्थ निर्माण केला होता. मुले त्याला पत्रे लिहीत, आणि सवालीरामाच्या सहीने त्यांना उत्तरे येत.

१९७८ साली ही रीत साऱ्या जिल्ह्यातल्या शाळांत गेली. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था निघून तिने भार उचलला, आणि शतक संपेपर्यंत हे काम इतरही जिल्ह्यांत मिळून सुमारे एक हजार शाळांत आणि लाखभर मुलांपर्यंत पोचले. आणि मग २००२ सालच्या जुलै महिन्यात राज्य सरकारने ते बंद केले. तीस वर्षांचे काम एका हुकुमाने थांबले.

बंद करणाऱ्यांपाशी काहीच म्हणणे नव्हते, असे नाही. या मुलांचे पुस्तक राज्यातल्या इतर मुलांहून निराळे का, आणि ती पुढे दहावीच्या परीक्षेत मागे पडतात त्याचे काय, असे आक्षेप होते. चालवणाऱ्यांना ते मान्य नव्हते. मी दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटते, त्या आक्षेपातच सारे मर्म आहे. आठवीची परीक्षा बदलली होती, दहावीची जशीच्या तशी होती. आठवीपर्यंत डोळ्यांनी पाहायला शिकवलेले मूल नववीत जाताच पुन्हा तक्त्यासमोर बसले. आपल्या मुलाच्या गुणांची काळजी करणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. मीही बापच आहे. पण मूल मागे पडते म्हणून रीत चुकीची ठरवायची, की पुढची परीक्षा चुकीची ठरवायची? हा प्रश्न मात्र विचारायला हवा होता.

कामे बंद होतात, पण ती पुरती मरत नाहीत. होशंगाबादेच्या कामाला आरंभीच पाठबळ देणारे प्रा. यशपाल यांच्याच अध्यक्षतेखाली २००५ साली देशाचा शालेय अभ्यासक्रमाचा आराखडा तयार झाला, आणि शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे, हे त्याचे पहिले सूत्र ठरले. १९७८ साली होशंगाबादेला जाऊन काड्या आणि सायकलच्या वाल्व्हची नळी यांतून खेळणी बनवू लागलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याला आले. त्यांची टाकाऊतून केलेली खेळणी महाराष्ट्रात कोणत्या घरी गेली नाहीत? एकलव्याच्या ‘संदर्भ’ द्वैमासिकाचे मराठी भावंड पुण्यातून निघाले. सूत्र आले, खेळणी आली, नियतकालिक आले. परीक्षा मात्र अजून यायची आहे.

माझ्या हाती बोर्डाची परीक्षा नाही. माझ्या वर्गाची चाचणी तेवढी आहे. जास्वंदीच्या त्या वर्षापासून मी तीत एक प्रश्न घालतो: ‘घराजवळचे कोणतेही एक फूल आणा, ते उकला, आणि पुस्तकात नसलेली एक तरी गोष्ट लिहा.’ तपासायला वेळ फार लागतो. एकदा एका मुलीने झेंडूविषयी लिहिले की, हे एक फूल नाही, पुष्कळ बारक्या फुलांची वस्ती आहे. दसऱ्याच्या तोरणासाठी बसल्या बसल्या फुले ओवताना तिला ते दिसले होते. झेंडूची तोरणे जन्मभर पाहूनही माझ्या घरात कोणी ते पाहिले नव्हते.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. फराळाचे ताट घेऊन अंगणात याल तेव्हा पोरांच्या किल्ल्यापाशी घटकाभर बसा. मोहरी आधी उगवली की अळीव, कोणत्या बाजूची रोपे वाकली, आणि का, ते त्यांना विचारा. उत्तर चुकले तरी लगेच सुधारू नका. आधी वाकून स्वतः पाहा. कदाचित चूक त्यांची नसेल.