शीग आणि ओल

आमचे आबा धान्य मोजताना 'एक' म्हणत नसत. पहिली पायली ओतली की 'लाभ', मग दोन, तीन. खळ्यावर ज्वारीची रास, आबांचं तोंड पूर्वेला, आणि माप सुरू झालं की भोवती कुणी बोलायचं नाही. मध्येच कुणी 'कितवी?' असं विचारलं तर आबा ओतलेली ज्वारी परत राशीत लोटून पहिल्यापासून मोजत. मण भरला की मूठभर ज्वारी बाजूला ठेवायची. शेवटी मुठी मोजायच्या. वीस मुठी झाल्या की खंडी.

बार्शीच्या आसपासच्या चार-सहा गावांचे ते मापाडी होते. मी पुढे गणिताचा मास्तर झालो, पण पहिलं कोष्टक शाळेच्या आधी त्यांच्या मांडीवर पाठ झालं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत सगळी दुपटीची साखळी, आणि त्यात शहाणपण होतं. मापटं खरं की खोटं हे बघायला तराजू लागत नसे, दोन चिपटी ओतून बघितली की झालं.

पण हे सगळं कोष्टक आकारमानाचं, वजनाचं नव्हे. पायलीभर बाजरी आणि पायलीभर भात यांचं वजन सारखं भरत नाही. तराजूचे शेर-मण आणखी वेगळे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतबाहेर. बंगाली मण चाळीस शेरांचा, सव्वासदतीस किलोंहून थोडा जास्त. नाव एकच, आणि माल तिपटीच्या जवळ. कापसाची खंडी तर ७८४ पौंडांची. रुईचे भाव अजूनही त्याच खंडीत, ३५६ किलोंच्या हिशेबानं निघतात.

पायलीची खरी गंमत तिच्या काठाच्या वर होती. काठापर्यंत भरून हातानं निपटलं तर ते सपाट माप. धान्य ओतत राहिलं की वर टोकदार ढीग उभा राहतो, ती शीग. आणखी एक दाणा टाकला तर घरंगळून खाली पडेल, इथवर भरलेलं माप शिगोशीग. आज वर्तमानपत्रं कुणाचीही उत्सुकता 'शिगेला' पोहोचवतात, ती याच पायलीवरून.

शीग किती उंच राहील हे मापाड्याच्या मर्जीवर नसतं, ते दाण्याच्या अंगावर असतं. वाटाणा गोल आणि गुळगुळीत, तो घरंगळतो. भाताचं टरफल खरखरीत, दाणे एकमेकांना धरून राहतात, म्हणून त्याची शीग उंच. शेतकी अभियांत्रिकीच्या पुस्तकात या उताराला विरामकोन म्हणतात आणि धान्याची कोठी, तिचं नरसाळं त्यावरून बांधतात. आबांना तो शब्द ठाऊक नव्हता. पण दाणा ओलसर असला की शीग जास्त चढते, हे त्यांना बोटांनी कळायचं. कुणाच्या राशीची शीग नेहमीपेक्षा ताठ उभी राहिली की ते हात थांबवून म्हणत, "अजून दोन उन्हं दाखवा."

लबाडीही तिथंच होती. पायली राशीत खुपसून दाबून भरली तर दाणे दाटीनं बसतात, वरून हलक्या हातानं सोडली तर पोकळ बसतात. भरताना एक गुडघा मारला की धान्य बोटभर खाली जातं. अडीअडचणीला दिलेलं दाणं पुढच्या सुगीला सवाईनं किंवा दिढीनं परत घ्यायचं, हा व्यवहार गावोगाव होता. देताना सपाट आणि घेताना शिगोशीग असं माप घातलं, की बोललेल्या व्याजावर न बोललेलं व्याज चढे. 'मापात पाप' हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. बाजारात पायलीच्या जागी काटा बसला. आबांची पायली कोनाड्यात गेली. किलोला शीग नसते, गुडघा मारून काटा हलत नाही. सगळ्यांना वाटलं, पाप संपलं.

पण ते मापातून निघून मालात शिरलं. काट्याला दाणा आणि पाणी यांतला फरक कळत नाही. ओलं धान्य विकणाऱ्याला पाण्याचे पैसे मिळतात, आणि घेणाऱ्याच्या गोदामात त्याच धान्याला बुरशी येते. म्हणून तोलणं सुरू झालं तशी ओल मोजण्याची गरज वाढली. जुनी परीक्षा दाताची. दाणा कडकन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. आमच्या आईची परीक्षा बरणीची. कोरड्या काचेच्या बरणीत धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर पोतं शिवायचं नाही.

आता मीटर आहे. दाण्यांचा विजेचा गुण तपासून तो ओल सांगतो. विद्युतक्षेत्रात पाण्याचा प्रतिसाद कोरड्या दाण्याच्या कितीतरी पट असतो, त्या फरकावर हे यंत्र चालतं. मात्र धान्य तापलेलं असेल, किंवा मीटर दुसऱ्याच पिकावर लावलेला असेल, तर आकडा बदलतो. खात्री करायची तर नमुना भट्टीत सुकवून आधीचं आणि नंतरचं वजन घ्यावं लागतं. तेवढा वेळ बाजारात कुणाला?

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलीची मर्यादा. २०२४च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. मध्यंतरी पुतण्या एका आडतीवर सोयाबीन घेऊन गेला. मीटरनं १८ दाखवले. आडत्यानं बारावरच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे दोन किलो, असे बारा किलो कापले. पुतण्या हिशेबाची पट्टी घेऊन माझ्याकडे आला. "काका, हे बरोबर आहे का?"

मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. अठरा टक्के ओलीच्या शंभर किलोंत कोरडा दाणा ८२ किलो. तोच माल बारा टक्क्यांवर आणला तर कोरडा दाणा शंभरात ८८ असायला हवा. ८२ला ०.८८नं भागलं, ९३ किलो १८० ग्रॅम आले. म्हणजे पावणेसात किलोंच्या जरा वर कापायला हवे होते. टक्क्याला एक किलो हा हिशेब आडत्याला थोडा तोट्याचा, पण टक्क्याला दोन किलो म्हणजे क्विंटलमागे पाच किलो सोयाबीन फुकट गेलं. पुतण्यानं एकदा कागदाकडे बघितलं, एकदा कोनाड्याकडे.

"म्हणजे घेताना शीग लावली की," तो म्हणाला.

कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला आणि पुढच्या खेपेला मलाही बरोबर चला म्हणाला.